इंधनाच्या वाफा आणि कारागिरांचे आरोग्य

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील माधवगंजसारख्या दाट वस्तीत वाहनदुरुस्ती करणारा कारागीर दिवसभर पेट्रोल व डिझेलच्या सान्निध्यात असतो. आरंभी त्या वासाने डोके दुखते. पुढे नाकाला त्याची सवय होते. परंतु सवय होणे म्हणजे अपाय टळणे नव्हे.

पेट्रोलमध्ये बेंझीन हे द्रव्य असते. ते श्वासावाटे आणि काही अंशी त्वचेवाटे शरीरात शिरते. दीर्घकाळ संपर्क राहिल्यास अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती मंदावते, रक्तक्षय होतो आणि काहींना रक्ताचा कर्करोगही जडतो. डिझेल इंजिनाच्या धुरालाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरविले. बंद जागेत इंजिन चालू राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून प्राणही जातो. या वायूला तर वासच नसतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती दुरुस्तीच्या खड्ड्यात साचते. म्हणून काम शक्यतो मोकळ्या हवेत करावे. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये. त्याचे थोडे थेंबही फुप्फुसात गेल्यास तीव्र दाह होतो. पेट्रोल पोटात गेल्यास उलटी करवू नये, रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. हात पेट्रोलने न धुता साबणाने धुवावेत व भिजलेले कपडे लगेच बदलावेत.

सतत थकवा, फिकटपणा किंवा हिरड्यांतून रक्त येणे ही लक्षणे दिसताच रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा. ती माहिती नसल्यास रोगाचे मूळ कारण दृष्टीआड राहण्याचा संभव असतो.