उदंड भांडवल, अल्पायुषी उद्योग

नागपूरहून हिंगण्याकडे जाताना औद्योगिक वसाहतीतील कारखाने लागतात आणि त्यांच्या शेजारीच, वानाडोंगरी व डिगडोह परिसरात, अभियांत्रिकी महाविद्यालयेही दिसतात. येथून पदवी घेणारा तरुण पूर्वी प्रामुख्याने नोकरीच्या शोधात असे. आता त्यांपैकी काहींना स्वतःचा तंत्राधिष्ठित नवोद्योग, म्हणजेच ‘स्टार्टअप’, काढावासा वाटतो. केंद्र शासनाची ‘स्टार्टअप इंडिया’ योजना जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि राज्याने २०१८ मध्ये याविषयीचे धोरण स्वीकारले. ही आकांक्षा स्वागतार्हच आहे. तथापि, कोट्यवधींचे भांडवल मिळूनही असे काही उद्योग अल्पावधीत का कोसळतात, हे तरुणांना सल्ला देणाऱ्या शिक्षकांनी व लोकप्रतिनिधींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

भांडवलाचे स्वरूप

बँकेचे कर्ज हप्त्याने फेडावे लागते. साहस भांडवल हे कर्ज नव्हे. ते कंपनीच्या भागांच्या मोबदल्यात मिळते. असा गुंतवणूकदार अनेक उद्योगांत पैसा घालतो. त्यांतील बरेचसे बुडाले, तरी एखाद्याची अनेक पटींनी वाढ झाल्यास त्याची भरपाई होते. म्हणून त्याला नफ्याआधी वाढीचा वेग हवा असतो. परंतु त्याच्या हिशेबात जे बुडणे गृहीतच धरलेले असते, त्यातच संस्थापकाचे सर्वस्व आणि कर्मचाऱ्याची भाकरी जाते.

मुंबईची दोन उदाहरणे

पवईच्या आयआयटीतील तरुणांनी २०१२ मध्ये ‘हाउसिंग डॉट कॉम’ ही घरे शोधून देणारी कंपनी स्थापन केली. २०१४ च्या अखेरीस जपानच्या सॉफ्टबँकेसह काही गुंतवणूकदारांनी तिच्यात सुमारे ९ कोटी डॉलर गुंतविले. जाहिरातींवर मोठा खर्च झाला. मात्र जुलै २०१५ मध्ये संचालक मंडळाने मुख्याधिकाऱ्यास पदावरून दूर केले आणि जानेवारी २०१७ मध्ये कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन करण्याचे ठरले.

घरपोच जेवणाची सेवा देणाऱ्या ‘टायनीआउल’ची कथा अधिक बोलकी आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीस पुढच्याच वर्षी नोकरकपात करावी लागली. नोव्हेंबर २०१५ मध्ये पुण्यातील कर्मचाऱ्यांनी आपले देणे चुकते व्हावे म्हणून एका संस्थापकास कार्यालयातच अडवून धरले. २०१६ मध्ये तिचेही विलीनीकरण झाले.

हिशेब कोठे चुकतो?

समजा, एका जेवणामागे कंपनीस ३० रुपये दलाली मिळते. पोहोचविण्याचा खर्च ५० रुपये आणि ग्राहकास दिलेली सूट ५० रुपये. म्हणजे प्रत्येक मागणीमागे ७० रुपये तोटा. मागण्या दसपट झाल्या की तोटाही दसपट. सूट बंद होताच किती ग्राहक टिकतील, हे कोणासही ठाऊक नसते. तोवर वाढत्या मागण्यांनाच यश मानले जाते. पुढील भांडवल येत राहिले, तोवर ही उणीव झाकली जाते. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर वाढू लागले, तसा जगभर हा ओघ आटला. त्याच वर्षी २,२०० कोटी डॉलर मूल्य ठरलेल्या ‘बायजूज’ या शैक्षणिक कंपनीविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. गुंतवणूकदारांनी ठरविलेले मूल्य म्हणजे तिजोरीतील रोकड नव्हे.

मार्गदर्शकांचे कर्तव्य

संत्र्याच्या बागायतदारास हे तत्त्व नवे नाही. बहार धरण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. बारमाही पाणी दिले, तर पालवी फुटते, पण फूल धरत नाही. उद्योगासही आरंभी थोडा ताण हितकारक ठरतो. म्हणून तरुणास तीन प्रश्न अवश्य विचारावेत: सूट न देता ग्राहक पूर्ण किंमत मोजील काय? एका विक्रीमागे काही शिल्लक राहते काय? नवे भांडवल न आल्यास किती महिन्यांचे पगार देता येतील?

यांची उत्तरे वहीत मांडता आली, तर भांडवल उद्योगाला बळ देईल. ती मांडता आली नाहीत, तर मिळालेला पैसा केवळ तोटा वाढवील. भांडवल म्हणजे उत्पन्न नव्हे, एवढा भेद आपल्या तरुणांच्या मनावर वेळीच ठसविला, तर अनेक घरांची पुंजी आणि उमेद वाचेल.