पिकाइतकेच मनाकडेही लक्ष द्या
(शेतकी विभाग : ऊस विकास अधिकारी यांजकडून)



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी यांविषयी वाचता. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे. पीक चांगले यायचे तर ते करणारा माणूस धड पाहिजे. अंगानेही आणि मनानेही. हात मोडला तर आपण त्याच दिवशी दवाखाना गाठतो. मन खचले तर मात्र "होईल बरं" म्हणत महिनोन्‌महिने अंगावर काढतो.

हुमणीचेच पाहा. ती जमिनीत राहून मुळे खाते. वर पाने पिवळी पडून बेट वाळू लागते, तोवर खाली बरेच नुकसान झालेले असते. म्हणून तर पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवरचे भुंगेरे गोळा करा, असे आम्ही दरसाल सांगतो. मनाच्या दुखण्यातही लवकर ओळखणे हेच अर्धे काम आहे.

ताण येतो कोठून?

आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. तेवढे दिवस पैसा अडकलेला, सोसायटीचे कर्ज डोक्यावर. त्यात तोडीची पाळी लांबली, उसाला तुरा आला, की रात्रीची झोप उडते. पेठकडच्या कुटुंबांची तऱ्हा आणखी निराळी. पावसावरचे भात-नागली, उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट, आणि सुगी आटोपली की बिऱ्हाड घेऊन दिंडोरी-निफाड भागात द्राक्षाच्या नाहीतर उसाच्या कामाला जायचे. म्हातारी माणसे मागे गावी, मुलांची शाळा अर्धवट. बागाईतदार असो वा मजूर, घोर दोघांनाही आहे.

ओळखावे कसे?

चार दिवस मन नाराज असणे हे कोणालाही होते. परंतु पुढील गोष्टी दोन आठवडे रोजच्या रोज दिसल्या तर ते दुखणे समजावे :

१) कशातच जीव लागत नाही, सतत उदास वाटते.
२) झोप लागत नाही, किंवा पहाटे तीनलाच जाग येते.
३) जेवण तुटते, अंगात त्राण राहत नाही.
४) चिडचिड वाढते, माणसांत जाणे नको होते.
५) "माझा काही उपयोग नाही" असे बोलणे निघते.

बायामाणसे बहुधा "मन उदास आहे" असे म्हणत नाहीत. डोके दुखते, कंबर धरते, छातीत धडधडते असे सांगतात. तपासणीत काही निघाले नाही म्हणजे ते ढोंग, असे समजू नये.

रोजच्या वागण्यात काय करावे?

१) झोप सांभाळा. रात्रपाळीची वीज असेल त्या आठवड्यात दिवसा दोन तास आडवे व्हा.
२) दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडकी झोप असते आणि उदासपणा उलट वाढतो.
३) देणे-घेणे कागदावर मांडा आणि घरच्या मंडळींपुढे ठेवा. लपवलेले कर्ज दुप्पट छळते.
४) तोडीची तारीख, ऊस बिल, कपात यांविषयी शंका असेल तर सरळ गट कार्यालयात येऊन विचारा. पुष्कळ वेळा निम्मा घोर माहिती नसल्यामुळेच असतो.
५) कीटकनाशके व तणनाशके घरात उघडी ठेवू नका. पेटीला कुलूप लावा. घरात कोणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याने जवळ ठेवावी. वाईट विचाराची घडी पुष्कळदा टळून जाते. त्या घडीला बाटली हाताशी नसली की माणूस वाचतो.

ऐकणाऱ्याने काय करावे?

शेजारी गप्प गप्प दिसला तर बांधावर बसून विचारा, आणि त्याचे पुरते ऐका. लगेच "सोड रे, काही होत नाही" म्हणू नका. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे स्पष्ट विचारायला कचरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका, दवाखान्यात घेऊन जा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जिवाचे बरेवाईट करू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते. त्यामुळे पोलिसांच्या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

बोलण्याने खरेच फरक पडतो काय, असे कोणी विचारील. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, लोकांचे ऐकून घेतले, जरूर तेथे डॉक्टरांकडे पाठविले. आधी उदासपणाच्या शंभर रुग्णांमागे चारेक जण मदत घेत होते. सुमारे दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले आहेत. शासनानेही २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला.

उपचार कोठे?

प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्र. पेठकरांना पेठचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. पुढे नाशिकचे जिल्हा रुग्णालय. घरबसल्या बोलायचे तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे. रात्री-अपरात्री चालते, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. उदासपणाच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत गोळी सोडू नये. बरे वाटल्यावरही डॉक्टरांना विचारूनच बंद करावी. भगताकडे ज्याला जायचे त्याने जावे, तो श्रद्धेचा प्रश्न आहे. पण दवाखाना चुकवू नये.

तरी सर्व सभासदांना विनंती, की हे पान घरात मोठ्याने वाचून दाखवावे, आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या मजूर मंडळींनाही यातले चार शब्द सांगावेत. एखादे साल उसाचे वजन कमी भरले तर पुढच्या साली भरून काढता येईल. घरचे माणूस गेले तर ते भरून निघत नाही.