आजारपणाची रजा आणि हुद्दा

सरकारी कचेरीत आजारपणाच्या रजेचा अर्ज आला की वरिष्ठांच्या मनात प्रथम कामचुकारपणाचा संशय डोकावतो. लंडनमधील मुलकी सेवकांच्या ‘व्हाइटहॉल’ पाहणीत हा संशय आकड्यांनी पडताळता येतो. १९८५ साली आरंभ झालेल्या या पाहणीत ३५ ते ५५ वर्षे वयाचे १०,३०८ स्त्रीपुरुष होते.

सात दिवसांपर्यंतच्या रजेस तेथे डॉक्टरांचा दाखला लागत नसे. अधिक दिवसांच्या रजेस लागे. केवळ चुकारपणाच कारण असता, तर कनिष्ठ व वरिष्ठ सेवकांतील अंतर मुख्यतः बिनदाखल्याच्या रजांत दिसावयास हवे होते. प्रत्यक्षात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांच्या रजांचे प्रमाण दोन्ही प्रकारांत सर्वांत वरच्या श्रेणीच्या सहापट आढळले. स्त्रियांत तर बिनदाखल्याच्या रजांचे प्रमाण तिप्पट, आणि दीर्घ रजांचे चौपटीहून किंचित अधिक! आणि ही मंडळी कचेरीतली. खाणीत वा भट्टीपुढे राबणारी नव्हेत. आपल्या कामाची रीत व क्रम ठरविण्यास ज्यांना फारसा वाव नव्हता, त्यांच्या रजाही अधिक होत्या.

याच सेवकांविषयी २००३ साली आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दहा वर्षांमागे पाचांहून अधिक वेळा दाखल्याची रजा घेणाऱ्या पुरुषांतील पुढील मृत्युप्रमाण, अशी रजा मुळीच न घेणाऱ्या पुरुषांच्या ४.८ पट होते.