जो कामकरी तोच मालक

स्पेन देशाच्या उत्तरेस बास्क प्रांतांत मोंद्रागोन नांवाचें गांव आहे. यादवी युद्धानंतर, सन १९४१ मध्यें, होसे मारिया आरिस्मेन्दियारिएता हे तरुण रोमन कॅथलिक धर्मगुरु तेथें आले. गांवांत दारिद्र्य फार होतें. त्यांनीं सन १९४३ मध्यें धंदेशिक्षणाची शाळा काढली. तींत शिकलेल्या ५ जणांनीं सन १९५६ मध्यें शेगड्यांचा कारखाना उभारला, आणि सन १९५९ मध्यें सहकारी पेढीहि निघाली.

ह्या कारखान्यांची रीति अशी कीं, जो काम करितो तोच भागीदार. भांडवल कितीहि असो, प्रत्येकास मत एकच. आरंभीं सर्वांत मोठें वेतन सर्वांत लहान वेतनाच्या ३ पटींहून अधिक नसे. पुढें ही मर्यादा वाढली. तरी नफा थोडक्यांच्या हातीं सांचूं नये, हा हेतु राहिला.

परंतु सहकार म्हणजे तोट्यापासून अभय नव्हे. सन २०१३ मध्यें त्यांतील फागोर हा घरगुती यंत्रांचा मोठा कारखाना बुडाला. कित्येकांस इतर संस्थांनीं काम दिलें, तथापि पुष्कळांचें भांडवल गेलें. मालकीबरोबर तिचा भारहि येतो.

प्रिय वाचकहो, शाळा व कारखाना ह्यांमध्यें १३ वर्षें लोटलीं, हें आम्हांस विशेष वाटतें. ज्यास हिशेब वाचतां येत नाहीं, त्याची मालकी नांवाचीच होय. म्हणून जे आपल्या गांवीं सहकारी मंडळी काढूं इच्छितात त्यांनीं आधीं रात्रीची शाळा घालावी, जमाखर्चाची वही सर्वांसमक्ष वाचावी, आणि मगच भाग गोळा करावे.