महाविद्यालयीन विद्यार्थ्याची भोजनव्यवस्था : थोडा इतिहास, थोडा हिशेब

आपल्या शाळेत राहून शिकलेल्या मुलाला जेवणाची निवड कधी करावी लागत नाही. घंटा झाली की ताट-वाटी घेऊन रांगेत बसावे, वाढलेले खावे आणि ताट धुऊन जागेवर ठेवावे, एवढेच त्याला ठाऊक असते. पुढे तो पुण्यास, नागपुरास, छत्रपती संभाजीनगरास किंवा मुंबईस महाविद्यालयात जातो. प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, जातपडताळणी, खोली यांची चर्चा घरात महिना-महिना चालते. जेवणाचा प्रश्न मात्र ‘तिथे मेस असेलच’ या एका वाक्यात मिटविला जातो. मग दिवाळीच्या सुटीत मूल उतरलेल्या चेहऱ्याने घरी येते आणि आई विचारते, ‘काय खात होतास रे तिकडे?’ हा प्रश्न जून महिन्यातच विचारला गेला पाहिजे.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला हा विषय केवळ घरखर्चाचा वाटत नाही. शिकणाऱ्या मुलाला कोणी जेवू घालायचे, हा महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील एक जुना आणि कळीचा प्रश्न आहे. पुण्यासारख्या शहरात गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. कोणी माधुकरी मागत. त्या व्यवस्थेत कष्ट होते, मानहानीही होती, आणि तिच्या आधारे शिकून पुढे मोठे झालेल्यांनी ती प्रामाणिकपणे लिहूनही ठेवली आहे. पण कोणाचे तरी दार त्यांच्यासाठी उघडत होते. अस्पृश्य मुलासाठी असे एकही दार नव्हते. त्याला शाळेत प्रवेश मिळाला तरी संध्याकाळी भाकरी कोठे खायची, या प्रश्नाशी त्याचे शिक्षण थांबत असे.

राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले. १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या मुलांसाठी निघालेल्या वसतिगृहात अन्य जातींची मुले टिकली नाहीत. तेव्हा १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी स्वतंत्र वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले. १९०८ चे मिस क्लार्क वसतिगृह अस्पृश्य मुलांसाठी होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवू लागली. तेथील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी, २० जुलै १९२४ रोजी, बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि सभेच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ च्या आरंभी सोलापुरात सुरू झालेले विद्यार्थी वसतिगृह. खेड्यातील आपली वडीलधारी मंडळी अजूनही ‘बोर्डिंगात शिकलो’ असे म्हणतात, ‘हायस्कुलात शिकलो’ असे म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी शिक्षण म्हणजे आधी दोन वेळचे जेवण होते.

खुद्द बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतही हा प्रश्न आहे, आणि तो आपण नेहमी एकाच बाजूने सांगतो. लंडनमधील तुटपुंजा नाश्ता, दिवसभराचे ग्रंथालय आणि रात्री भुकेला दिलेला पापडांचा आधार हे प्रसंग प्रत्येक जयंतीच्या भाषणात येतात. एक लहानसा प्रसंग मात्र क्वचितच सांगितला जातो. जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्यावर ते प्रथम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील अन्न त्यांना मानवले नाही. त्यांनी ते स्थळ लौकरच सोडले, कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये मुक्काम हलविला आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासमवेत राहिले. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती. त्यातूनच घरीही पैसे पाठवावे लागत. तरीही नव्या देशात पाऊल टाकताच त्यांनी जे काही ठरविले, त्यात जेवणाची जागा बदलणे होते.

या गोष्टीकडे मी पालकांचे मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आपल्या घरांत उपाशी राहून शिकण्याचा एक आदर्श नकळत तयार झाला आहे. ‘बाबासाहेब पापडावर राहिले, तुला मेसचे जेवण कसले नकोसे होते?’ असे बोलणारे वडील मी पाहिले आहेत. बाबासाहेब उपाशी राहिले ते नाइलाजाने, आणि पुढे त्यांनी वसतिगृहे काढली ती दुसऱ्या कोणावर ती पाळी येऊ नये म्हणून. सोलापूरचे वसतिगृह व १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेले, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय आणि त्याची वसतिगृहे ही त्याची साक्ष आहेत. मुलाच्या मेसवर होणारा खर्च हा शिक्षणाचा खर्च आहे; फीप्रमाणेच तो आधी बाजूला काढावा आणि उरलेल्या पैशांत बाकीचे बसवावे.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत असेल तर तो पहिला पर्याय. तेथे निवास व भोजन विनामूल्य असते. तो न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी योजनेत वर्षाला ३२,००० रुपये भोजन भत्ता, २०,००० रुपये निवास भत्ता आणि ८,००० रुपये निर्वाह भत्ता, असे एकूण ६०,००० रुपये धरले आहेत. लहान शहरांसाठी रकमा कमी आहेत. भोजन भत्ता शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांवर वाटला तर दरमहा ३,२०० आणि दिवसाला सुमारे १०७ रुपये होतात. चहा, नाश्ता आणि दोन जेवणे या सर्वांना मिळून १०७ रुपये. शिवाय ही रक्कम दर महिन्याच्या १ तारखेला हातात पडत नाही, मेसवाला मात्र १ तारखेलाच पैसे मागतो. सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांची तजवीज घरातून करावी लागेल, हे गृहीत धरूनच मुलाला पाठवावे.

खाजगी मेसचे साधारण तीन प्रकार असतात : महिनेवारी, कूपन आणि डबा. कोणता स्वस्त, हे फलकावरील दरावरून कळत नाही. मूल प्रत्यक्ष किती ताटे जेवणार यावरून कळते. उदाहरणादाखल महिनेवारी दोन वेळचा दर ३,००० रुपये धरू. तीस दिवसांची साठ ताटे दिसतात. पण बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडधोड वाढतात आणि रात्री बंद असतात. चार रविवारांची चार ताटे गेली, राहिली छप्पन्न. महिन्यातून दोनदा मूल शनिवारी दुपारी गावी निघाले, तर शनिवार रात्रीची आणि रविवार दुपारची मिळून चार ताटे आणखी गेली. आठवड्यातून दोन दिवस दुपारी प्रात्यक्षिक असेल व मेस दोन वाजता बंद होत असेल, तर आठ ताटे बुडाली. उरली चव्वेचाळीस. म्हणजे ज्या ताटाचे आपण ५० रुपये समजत होतो, ते ६८ रुपयांना पडले. त्याच मेसमध्ये ६५ रुपयांचे कूपन मिळत असेल तर चव्वेचाळीस ताटांचे २,८६० रुपये होतात.

हिशेब कूपनच्या बाजूने लागतो. तरीही पहिल्या वर्षी महिनेवारीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलांच्या हातात कूपन असले की ती ते वाचवतात. सकाळी वडापाव खाल्ला म्हणून दुपारचे कूपन उद्यासाठी राहते, उद्याचे परवासाठी. महिनाअखेरीस वाचलेल्या पैशांतून धाकट्या बहिणीची वही-पुस्तके येतात किंवा घरी दोनशे रुपये जातात. या मुलांचा चांगुलपणाच त्यांच्या पोटावर येतो. महिनेवारीचे पैसे आधीच भरलेले असल्याने जेवण सोडून काही वाचत नाही, आणि म्हणून मूल जेवते. वेळापत्रक कळल्यावर, शहर अंगवळणी पडल्यावर दुसऱ्या वर्षी खुशाल कूपन घ्यावे.

मुलींच्या बाबतीत डब्याचा प्रकार अधिक दिसतो, कारण संध्याकाळी वसतिगृहाचे फाटक लौकर बंद होते. एक डबा मागवून दोघींनी वाटून घेणे ही तर रीतच झाली आहे. तीन पोळ्या, एक भाजी, थोडा भात; त्याचे दोन भाग केले की काय उरते, ते आयांनी डोळ्यांसमोर आणावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि लोह पुरुषापेक्षा बरेच अधिक, २९ मिलिग्रॅम लागते. पातळ वरणाच्या वाटीतून हे भागत नाही. दोन उकडलेली अंडी साधारण १२ ग्रॅम प्रथिने देतात. मूठभर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी खोलीत ठेवता येते. त्याला ना गॅस लागतो, ना वसतिगृहाची परवानगी. घरून येताना लाडू-चिवड्याच्या जोडीला शेंगदाण्याची पिशवी पाठवावी.

मेस ठरविण्यापूर्वी तेथे दोन दिवस सुटे पैसे देऊन जेवावे, आणि एकदा तरी मुद्दाम रात्री उशिरा, मेस बंद होण्याच्या अर्धा तास आधी जावे. त्या वेळी पोळी उरली आहे का, वरणात पाणी ओतले आहे का, पिण्याचे पाणी कोठून येते, हे दिसते. दुपारी बाराचे ताट सर्वत्र चांगलेच असते. मग मालकाला विचारायचा मुख्य प्रश्न खाड्याचा. सलग किती दिवस न जेवल्यास खाडा धरतात, आधी किती दिवस सांगावे लागते, खाड्याचे पैसे परत मिळतात की मुदत पुढे सरकते, परीक्षेनंतर अनामत केव्हा देतात, या गोष्टी कार्डावर लिहून घ्याव्यात. तोंडी बोलणे सुटीवरून परतल्यावर कोणालाही आठवत नाही. काही महाविद्यालयांत वसतिगृहाबरोबर मेसही सक्तीची असते व सहामाहीचे पैसे एकदम घेतले जातात. तेथे निवडीला वाव नाही, पण खाड्याचा नियम तेथेही असतो, आणि तो न वाचल्यामुळे प्रत्येक सुटीत पैसे जातात. खोलीवर स्वयंपाक करणे तिघे-चौघे असतील तर परवडते. एकट्याने करू नये, अभ्यासाचा वेळ भांडी घासण्यात जातो.

आणखी एक चौकशी करणे आवश्यक आहे, आणि ती करण्यास आपली माणसे संकोचतात. मेसमध्ये अंडे-मांस मिळते का? मिळत असल्यास ते खाणाऱ्यांना वेगळे बसवितात का? नाव लिहून घेताना आडनावानंतर गावही विचारतात का? शुद्ध शाकाहारी मेस चालविण्याचा कोणालाही अधिकार आहे आणि आपल्यातही अनेक जण शाकाहारी आहेत. पण ताटावरून माणसाची जागा ठरविणे ही वेगळी गोष्ट आहे. २०१८ साली मद्रासच्या आयआयटीत एका मेसमध्ये शाकाहारी व मांसाहारी विद्यार्थ्यांसाठी वेगळे दार आणि वेगळे हात धुण्याचे बेसिन दर्शविणारे फलक लागले होते. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत काही टेबले केवळ शाकाहारींसाठी राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. देशातील उत्तमोत्तम संस्थांत हे घडते, तर गल्लीतल्या मेसमध्ये काय घडत असेल याची कल्पना करता येईल. अपमानाच्या जागी मूल तक्रार करीत नाही. ते फक्त तिथे जाणे कमी करते, आणि घरी सांगते की भूक लागत नाही. म्हणून फोनवर ‘जेवलास का?’ एवढेच विचारून थांबू नये. कोणाबरोबर जेवलास, कोठे बसला होतास, हेही विचारावे.

माजी विद्यार्थ्यांना एक सूचना करतो. आपण आज अनेक शहरांत स्थायिक आहात. आपल्या भागातील दोन-तीन बऱ्या मेसची नावे, त्यांचे दर, रविवारची वेळ, खाड्याचा नियम आणि तेथे मुलाला कसे वागवितात, एवढी माहिती एका कागदावर लिहून दरवर्षी मे महिन्यात शाळेच्या कार्यालयात पाठवावी. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेसोबत ती पालकांच्या हाती देता येईल. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या शहरात येणाऱ्या एका मुलाची किंवा मुलीची जुलै ते ऑक्टोबरची मेस परस्पर मेसमालकाकडे भरावी. पैसे मुलाच्या हाती दिले तर ते घरी जातील, हे आपणा सर्वांना स्वानुभवाने ठाऊक आहे. भत्ता जमा झाल्यावर मुलाने ती रक्कम पुढच्या वर्षीच्या मुलासाठी त्याच मेसमध्ये भरायची, असा परिपाठ ठेवला तर परतफेडीचे ओझेही त्याच्यावर राहणार नाही.