युरोपला निघालीस ना? मग हे ऐकून जा

बाळा, व्हिसा आला, थंडीचे कोट जावेकडून उसने आणून झाले, आता खाऊच्या पुड्या बांधायला बसली असशील. जरा हात थांबव. प्रवासातला बराचसा कचरा आपण घरूनच बॅगेत भरून नेतो, म्हणून हे आत्ताच सांगते.

१. चिवडा, खाकरे, मेतकूट दोन-तीन स्टीलच्या डब्यांत भर, प्लास्टिकच्या पुड्या नकोत — डबा भरला तेव्हा खाऊचा, रिकामा झाला की कामाचा. वाटेत घेतलेली फळं आणि उरलेला पिझ्झा त्यातच मावतो.

२. पेढे, पनीर, तुपाची बरणी घरीच राहू दे — युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. कस्टमवाल्यांनी पकडलं तर तूपही गेलं आणि बरणीही. आईने कितीही तोंड पाडलं तरी ऐकू नकोस.

३. शाम्पूची पाकिटं नकोत, साबणासारखी शाम्पूचीही वडी मिळते, ती घे — हातातल्या बॅगेत द्रव पदार्थांना असलेली १०० मिलीची अट वडीला लागत नाही, आणि ती कपड्यांवर सांडतही नाही. मग हॉटेलच्या इवल्या बाटल्यांची सीलं तशीच राहू दे.

४. स्टीलची बाटली सिक्युरिटीपर्यंत रिकामी ने आणि पलीकडे गेलीस की भर — भरलेली दिसली तर तिथेच ओतायला लावतात.

५. झ्युरिक, म्युनिक, पॅरिस, रोम, सगळीकडे लोक नळाचंच पाणी पितात. हॉटेलच्या बेसिनचंही खुशाल पी, फक्त थंड नळाचं — गरम पाणी बॉयलरमधून आलेलं असतं. ‘बाथरूमचं पाणी कसं प्यायचं बाई’ म्हणणारी एक तरी काकू ग्रुपमध्ये असतेच. तिच्यासमोर मुद्दाम गटागटा पी.

६. तहानेआधी तोटी हेरावी. झ्युरिकमध्ये १,२०० हून जास्त कारंजी आहेत, तर रोममध्ये १८७४ पासून बसवत आणलेले ‘नासोनी’, म्हणजे रस्त्यावरचे ओतीव लोखंडाचे नळ, साधारण अडीच हजार आहेत. तोटीचं तोंड बोटाने दाबलंस की वरच्या बारीक भोकातून धार उसळते, ती प्यायची. बाटली भरताना बोट काढायचं. ‘काइन ट्रिंकवासर’ किंवा ‘नॉन पोताबिले’ अशी पाटी दिसली तर मात्र पुढे चाल — ते पाणी पिण्याचं नाही.

७. जर्मनीत बाटली विकत घ्यावीच लागली तर पावती नीट बघ: प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट ‘प्फांड’, म्हणजे अनामत, लावलेली असते. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घाल, चिठ्ठी बाहेर येते, ती काउंटरवर दिली की पैसे परत. बाटली चुरगाळायची नाही आणि लेबल सोलायचं नाही — मशीन त्यावरची खूण वाचतं, ती नाही सापडली तर बाटली परत तुझ्याच हातात. सीमा ओलांडायच्या आत हे उरक. दुकान गाठायला वेळ नसेल तर बाटली कचराकुंडीत टाकू नकोस, कुंडीशेजारी उभी करून ठेव — तिथे बाटल्या गोळा करून चार पैसे मिळवणारी माणसं असतात, त्यांना कुंडीत हात घालावा लागत नाही. तिथले लोकही असंच करतात.

८. युरोपात आता बाटलीचं टोपण बाटलीलाच जोडलेलं असतं, वैतागून ओढून तोडू नकोस — सुटी टोपणं किनाऱ्यावर जाऊन पडतात म्हणूनच जुलै २०२४ पासून हा नियम आहे.

९. फ्रान्समध्ये जेवायला बसलीस की ‘यून काराफ दो’ म्हण — नळाच्या पाण्याचा तांब्या फुकट मिळतो. नुसतं ‘वॉटर’ म्हणालीस तर बाटली येईल, आणि बिलावर तीही येईल.

१०. पर्समध्ये कापडी पिशवीची घडी असू दे — इटलीत २०१८ पासून फळं-भाजीच्या पातळ पिशवीचेसुद्धा पैसे लावतात.

११. पॅरिसहून झ्युरिकला विमान नको, रेल्वे घे — प्रदूषण कितीतरी कमी, आणि साधारण चार तासांत गावाच्या मधोमध उतरतेस. विमानतळावरच्या रांगा धरल्या तर विमानाने काही फार लवकर पोचत नाहीस.

१२. न्याहारीला ताटलीत थोडं थोडं वाढून घे, आणि जाम-मधाच्या इवल्या डब्या पर्समध्ये सरकवू नकोस — घरी आल्यावर त्या कुणी खात नाही. तुझ्या काकांनी आणलेल्या अजून माझ्या फ्रिजच्या दारात आहेत. हव्या असतील तर येऊन घेऊन जा.