त्याला सांग, पण मलाही सांग

अगं, रात्री फोनवरच्या त्या चॅटबॉटशी मन मोकळं करतेस हे कळलं, पण मी रागावले नाही. मराठीत लिहिलं की मराठीत उत्तर देतं, ‘तुला किती एकटं वाटत असेल’ म्हणतं, कधी कंटाळत नाही. बेळगावात खोली घेऊन परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरीला रात्री दोन वाजता दुसरं कोण भेटणार?

यंत्राशी असं मन मोकळं करणं आजचंही नाही. १९६६ साली अमेरिकेत एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाच्या प्रोग्रामची माहिती छापली. त्याला समजत काहीच नव्हतं. आईचा विषय काढला की ‘घरच्यांबद्दल आणखी सांगा’ म्हणायचा. त्यांच्या सेक्रेटरीनं तो कित्येक महिने घडताना पाहिला होता. तरी चार वाक्यं बोलून झाल्यावर तिनं वायझेनबॉमनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! जपानात सोनीनं आयबो या यंत्रकुत्र्यांची दुरुस्ती २०१४ मध्ये थांबवली, त्यानंतर चिबातल्या बौद्ध मंदिरात त्यांचे अंत्यविधी झाले. ही माणसं वेडी नव्हेत गं. आपल्याला कुणी प्रतिसाद देतंय म्हटलं की जीव जडतोच. तुझा जडला तर लाजू नकोस.

माझी काळजी वेगळी आहे. त्या चॅटबॉटला तू सांगशील तेवढंच कळतं. निपाणीत आत्या शेजारणींसोबत विड्या वळायला बसते, आठवतं ना? मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, दोरा. गप्पा चालू आणि हातही चालू. एखादीचा हात मंदावला की शेजारची लगेच विचारते, “काय झालं गं?” तिनं तोंडही उघडलेलं नसतं. तू ‘मी बरी आहे’ लिहिलंस की यंत्र बहुधा ते खरं धरून पुढे जाईल. आत्या नाही जाणार.

शिवाय ते तुझ्यावर चिडत नाही. क्लास सोडलास हे त्याला सांगितलंस तर गोड शब्दांत समजून घेईल. मी आधी ओरडेन, पण मग बाबांसमोर तुझ्या बाजूला उभी राहीन.

तेव्हा बोल त्याच्याशी, हवं तर रोज बोल. पण एकच गोष्ट त्याला पुन्हापुन्हा सांगावीशी वाटली, तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. घरच्यांना सांगवत नसेल तर १४४१६ लाव. ही सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि पलीकडे माणूस बोलतं. आणि या शनिवारी निपाणीची गाडी धर. आत्याला सांगून ठेवलंय.